विद्यापीठाचा रंगमंच आणि गावाची कला

(युवक महोत्सवाच्या पूर्वतयारीसाठी एकत्र आलेले महाविद्यालयीन प्राध्यापक, पंचायत सदस्य व अधिकारी यांच्यासमोर केलेले भाषण)



युवक महोत्सवाचे दिवस जवळ आले की महाविद्यालयाचे रूपच पालटते. वर्गातली बाके भिंतीशी सरकवून तालमी सुरू होतात. जिन्याच्या पायरीवर बसून कोणी वक्तृत्वाचा मजकूर घोकत असतो, व्हरांड्यात कोणी ओल्या मातीच्या गोळ्याला आकार देत असतो, आणि एरवी हजेरीपटावरचा केवळ एक क्रमांक असलेला मुलगा अचानक ढोलकीवर थाप मारून साऱ्यांना थक्क करतो. आपण सर्वांनी हे दृश्य पाहिलेले आहे. विद्यापीठातील कला व सांस्कृतिक उपक्रम हा आजचा विषय मला देण्यात आला, तेव्हा हेच दृश्य प्रथम माझ्या डोळ्यांपुढे आले.

माहिती खात्यातील माणूस अशा महोत्सवांना जातो तो वृत्त देण्यासाठी. उद्‌घाटन कोणी केले, किती संघ आले, कोणत्या महाविद्यालयाने किती पारितोषिके पटकावली, एवढे लिहिले की आमचे काम संपते. त्या वृत्तात जे कधीच येत नाही, त्याविषयी आज थोडे बोलावे असे मी ठरविले आहे.

एक प्रसंग

काही वर्षांपूर्वी अशाच एका महोत्सवात लोकनृत्याची स्पर्धा चालू होती. एका संघाने गोंधळ सादर केला. वेशभूषा झगझगीत होती, पावले नेमकी पडत होती, आणि मंचावर फिरणारी दिवटी विजेची होती. संबळाचा नाद ध्वनिमुद्रित होता व तो मोठ्या कर्ण्यांतून सभागृहभर घुमत होता. टाळ्यांचा कडकडाट झाला. मी टिपणे घेत सभागृहाच्या मागच्या बाजूस उभा होतो. माझ्या शेजारी साठीचे एक गृहस्थ उभे होते. अंगात साधा सदरा, डोक्याला फेटा, आणि काखेत कापडात गुंडाळलेला संबळ. त्यांचा मुलगा त्या संघात होता. गोंधळ म्हटल्यावर वाद्य लागेल, या समजुतीने ते आपला संबळ घेऊन गावाहून आले होते. तो लागला नाही.

बाहेर चहाच्या वेळी मी त्यांना विचारले, "कसे वाटले?" ते हसले आणि म्हणाले, "पोरं गुणाची हाईत, साहेब. पर गोंधळ घालायचा असतो, लावायचा नसतो."

त्या एका वाक्यात जे होते ते माझ्या वृत्तात नव्हते. ज्याच्या घरी ती कला पिढ्यान्‌पिढ्या नांदली तो माणूस सभागृहात उपस्थित होता, त्याचे वाद्य उपस्थित होते, त्याचा मुलगा मंचावर होता. तरीही विद्यापीठाच्या त्या रंगमंचाला त्याची गरज भासली नाही. यात संघाचा दोष मी मानीत नाही, नियमांचाही मानीत नाही. दोष असलाच तर तो आपल्या कामाच्या पद्धतीत आहे, आणि म्हणूनच तो दुरुस्त करणे आपल्या हाती आहे.

कुंपणाबाहेर गेलेली कला

महाविद्यालयीन कलेचा आपला इतिहास पाहिला तर एक गोष्ट ठळकपणे जाणवते. ही कला जेव्हा जेव्हा संस्थेच्या कुंपणाबाहेर गेली, बाहेरच्या माणसांशी तिचे नाते जुळले, तेव्हाच तिच्या हातून काही टिकाऊ घडले.

फर्ग्युसन महाविद्यालयाची स्थापना १८८५ मधली. तेथील प्राध्यापक वासुदेवराव केळकर यांनी शेक्सपिअरच्या एका सुखात्मिकेचे 'त्राटिका' या नावाने रूपांतर केले आणि ते केवळ लिहून थांबले नाहीत. शाहूनगरवासी नाटक मंडळीच्या नटांना त्यांनी भूमिकांची तालीम दिली. गणपतराव जोशी यांच्यासारख्या व्यावसायिक नटाच्या घडणीत एका महाविद्यालयीन प्राध्यापकाचा वाटा आहे, ही गोष्ट आजच्या प्राध्यापकांनी अभिमानाने लक्षात ठेवावी. नाटक मंडळीत जाणे हे ज्या काळी प्रतिष्ठेचे मानले जात नव्हते, त्या काळातली ही गोष्ट आहे.

दुसरे उदाहरण मराठवाड्याचे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० मध्ये औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, येथे महाविद्यालय सुरू केले. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून प्रसिद्ध झाले. तेथील प्राचार्य म. भि. चिटणीस यांनी विद्यार्थ्यांसाठी 'युगयात्रा' हे नाटक लिहिले. दलित समाजाच्या दीर्घ यातनेचा प्रवास त्यात होता. महाविद्यालयात झालेला त्याचा प्रयोग स्वतः बाबासाहेबांनी पाहिला, आणि १९५६ मध्ये नागपूरला धम्मदीक्षेच्या प्रसंगी ते अफाट जनसमुदायापुढे सादर झाले. महाविद्यालयातील मुलांसाठी लिहिलेले एक नाटक एका समाजाच्या जागृतीचा भाग झाले. दलित रंगभूमीचा इतिहास लिहिणारे आजही या प्रयोगाचा उल्लेख टाळू शकत नाहीत.

तिसरे उदाहरण आपल्या सर्वांच्या परिचयाचे. पुण्याच्या महाराष्ट्रीय कलोपासक या संस्थेने १९६३ मध्ये आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा सुरू केली. पुरुषोत्तम करंडक या नावाने ती गाजली. साठ वर्षांहून अधिक काळ मराठी रंगभूमीला व चित्रपटाला या स्पर्धेने लेखक, नट आणि दिग्दर्शक पुरविले. २०२२ मध्ये या स्पर्धेच्या अंतिम फेरीत परीक्षकांनी एकाही संघाला मुख्य करंडकास पात्र ठरविले नाही. त्यावर बरीच चर्चा झाली, नाराजीही व्यक्त झाली. परंतु करंडक द्यावयाचा आहे म्हणून कोणाला तरी द्यावा, ही वृत्ती तेथे नव्हती, ही गोष्ट महत्त्वाची. स्पर्धेचे खरे मोल ती दर्जाचा किती आग्रह धरते यावर ठरते. पेला किती उंच आहे यावर ते ठरत नाही.

महोत्सवांची आजची रचना

स्वातंत्र्यानंतर लवकरच विद्यापीठीय युवकांच्या कलागुणांना राष्ट्रीय पातळीवर व्यासपीठ देण्याचा विचार झाला. १९५४ मध्ये केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या पुढाकाराने दिल्लीच्या तालकटोरा उद्यानात पहिला आंतरविद्यापीठ युवक महोत्सव भरला. देशाच्या निरनिराळ्या भाषांतील, निरनिराळ्या वेशांतील तरुण मुलेमुली एकमेकांची गाणी आणि नृत्ये प्रथमच एका जागी पाहत होती. एकात्मता हा शब्द भाषणांत पुष्कळदा येतो. तेथे ती प्रत्यक्ष कानांनी ऐकू येत होती.

पुढे ही जबाबदारी भारतीय विश्वविद्यालय संघाकडे आली. १९२५ मध्ये आंतरविद्यापीठ मंडळ म्हणून स्थापन झालेल्या या संस्थेने १९७३ मध्ये आजचे नाव धारण केले. महाविद्यालयाचा संघ प्रथम आपल्या विद्यापीठाच्या महोत्सवात उतरतो, विद्यापीठाचा निवडलेला संघ विभागीय महोत्सवात जातो आणि तेथून राष्ट्रीय महोत्सवात, अशी ही चढती पायरी आहे. संगीत, नृत्य, नाट्य, वाङ्मय आणि ललित कला हे तिचे पाच विभाग. शास्त्रीय गायनापासून मूकनाट्यापर्यंत आणि व्यंगचित्रापासून रांगोळीपर्यंत अनेक प्रकार त्यांत येतात.

आपल्या राज्यात २००३ पासून 'इंद्रधनुष्य' हा आंतरविद्यापीठ सांस्कृतिक महोत्सव कुलपती या नात्याने राज्यपालांच्या प्रेरणेने सुरू झाला. कृषी व आरोग्य विज्ञान यांसारख्या विद्यापीठांचे विद्यार्थीही त्यात भाग घेतात. शेतकी महाविद्यालयाचा विद्यार्थी आणि वैद्यकीय महाविद्यालयाचा विद्यार्थी एकाच मंचावर भारूड सादर करतात, हे दृश्य मनाला उभारी देणारे असते. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ नुसार प्रत्येक विद्यापीठात विद्यार्थी विकास मंडळाची तरतूद आहे. याआधीच्या, १९९४ च्या अधिनियमात ते विद्यार्थी कल्याण मंडळ होते. 'कल्याण' या शब्दाच्या जागी 'विकास' हा शब्द आला, हा बदल केवळ शब्दांचा मानू नये. कला म्हणजे विद्यार्थ्याच्या शिक्षणाचेच अंग, ही दृष्टी त्यामागे आहे.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार राज्यात आखण्यात आलेल्या पदवी अभ्यासक्रमात सांस्कृतिक उपक्रम, ललित व प्रयोगीय कला, राष्ट्रीय सेवा योजना इत्यादींना सहअभ्यासक्रम म्हणून श्रेयांक देण्याची व्यवस्था झाली आहे. म्हणजे जी तालीम एके काळी "अभ्यासाचा वेळ वाया घालविणे" समजली जाई, तिला आज गुणपत्रिकेत स्थान आहे.

रचना आहे, कायदा आहे, श्रेयांक आहेत. मग त्या संबळवादकाला आपला संबळ कापडात गुंडाळूनच परत का न्यावा लागला?

दहा मिनिटे आणि एक रात्र

त्याचे एक कारण वेळेचे आहे. स्पर्धेत एकांकिकेला साधारण अर्धा तास मिळतो, लोकनृत्याला दहा मिनिटांच्या आसपास. संघ अनेक, दिवस मोजके. मर्यादा घालावीच लागते. तिच्यामुळे विद्यार्थ्याला नेमकेपणाची शिस्तही लागते, हे मान्य केले पाहिजे.

परंतु गोंधळाचे उदाहरण घ्या. गोंधळ हा मुळात कुलधर्म आहे. लग्नकार्य झाल्यावर किंवा नवस फेडण्यासाठी तो घालतात. चौक मांडायचा, घट स्थापायचा, दिवटी पेटवायची, देवदेवतांना नावे घेऊन आमंत्रण द्यायचे, मग स्तवन, मग आख्यान, आणि पहाटेच्या सुमारास आरती. संबळ, तुणतुणे आणि झांज यांच्या साथीने मुख्य गोंधळी कथा सांगतो, साथीदार मध्येच प्रश्न विचारून ती रंगवितो, विनोद करतो. घरातली माणसे जागी राहून ऐकतात. या एका रात्रीत पूजा आहे, संगीत आहे, नाट्य आहे, आणि घरच्या माणसांना एकत्र बसविणारी शक्ती आहे. त्यातून दहा मिनिटांचे काय घ्यावे? ठेका, गिरक्या आणि वेशभूषा एवढेच सहज उचलता येते. आख्यान मागे राहते. सवालजबाब मागे राहतो. आमंत्रणाची ती लांबलचक यादी, जिच्यात गावोगावच्या देवस्थानांचा जणू नकाशाच सामावलेला असतो, ती मागे राहते. जे मागे राहते ते पुढल्या पिढीला कोणी शिकवीत नाही, कारण त्याला गुण नाहीत.

हीच गोष्ट तारप्याची. पालघर जिल्ह्यातील वारली बांधव तारप्याभोवती नाचतात. वाळलेला भोपळा, बांबू आणि ताडाची पाने यांचे हे वाद्य वाजविणारा मध्यभागी असतो आणि त्याच्या सुरावर नाचणाऱ्यांची पावले बदलतात. वाजविणाऱ्याने सूर बदलला की नाचाची चाल बदलते. ध्वनिमुद्रित तारपा लावला तर हे नातेच तुटते. मुले नाचतात, पण कोणाच्या सांगण्यावरून नाचत आहेत हे त्यांना ठाऊक नसते.

कला एका जागेवरून दुसऱ्या जागी गेली की तिचा नाश होतो, असे मात्र मी म्हणणार नाही. वारली चित्रकलेचेच पाहा. शेणाने सारवलेल्या, गेरूने रंगविलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढलेला लग्नाचा चौक, हे मूळचे सुवासिनींचे काम. एकोणीसशे सत्तरच्या दशकाच्या आरंभी भास्कर कुलकर्णी हे चित्रकार शासकीय कामाच्या निमित्ताने डहाणूच्या परिसरातील पाड्यांवर गेले आणि त्यांनी तेथील लोकांच्या हाती कागद व रंग दिले. त्यातून जिव्या सोमा म्हसे यांच्यासारखा असामान्य कलावंत जगापुढे आला. १९७६ मध्ये त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, २०११ मध्ये पद्मश्री. २०१८ मध्ये ते निवर्तले, पण तोवर वारली चित्रे जगभर पोहोचली होती. भिंतीवरून कागदावर येताना त्या कलेची जागा बदलली, हेतूही काही अंशी बदलला. तरी ती जिवंत राहिली, कारण ती बदलणारा हात त्या समाजातल्या कलावंताचाच होता. सिंधुदुर्गातील पिंगुळीच्या ठाकर समाजाची चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्या यांचेही तसेच झाले. २०२१ मध्ये तेथील परशुराम गंगावणे यांना पद्मश्री मिळाली, ती घरातला वारसा घरातच ठेवून जगाला दाखविल्याबद्दल.

मला जे सांगावयाचे आहे ते एवढेच. गावाची कला विद्यापीठाच्या रंगमंचावर जरूर यावी. पण तिच्यासोबत तिचा कलावंतही यावा. नुसता त्याचा वेश येऊन भागणार नाही.

काय करता येईल

सभेत उपदेश करणे सोपे असते. म्हणून आपल्या हाती असलेल्या, मोठा खर्च न लागणाऱ्या काही गोष्टी मी मांडतो.

प्राध्यापकांसाठी पहिली गोष्ट. लोककलेचा संघ तयार करताना नृत्यदिग्दर्शक शोधण्यापूर्वी आपल्याच विद्यार्थ्यांना विचारावे की त्यांच्या घरी, भावकीत किंवा शेजारी ही कला जाणणारे कोणी आहे काय. पुष्कळदा उत्तर पहिल्या बाकावरूनच येते, पण आजवर तसा प्रश्न कोणी विचारलेला नसतो. काही मुले तर घरचा वारसा सांगण्यास संकोचतात. वडील गोंधळी आहेत, आजोबा पोतराज होते, आई रात्रीच्या जागरणात गाते, हे महाविद्यालयात सांगितले तर हसतील, अशी त्यांना भीती वाटते. ज्या दिवशी त्या मुलाच्या वडिलांना सन्मानाने व्यासपीठावर बोलावले जाईल, त्या दिवशी त्या मुलाच्या मनातील न्यूनगंड गळून पडेल. हा लाभ कोणत्याही पारितोषिकाहून मोठा आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२३ मध्ये निवासी कलावंतांविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली आहेत. औपचारिक पदवी नसलेल्या पारंपरिक कलावंतालाही शिक्षणसंस्थेशी जोडून घेण्याचा मार्ग त्यामुळे खुला झाला आहे. त्याचा उपयोग करून घ्यावा.

बोलावलेल्या कलावंताला येण्याजाण्याचा खर्च व मानधन द्यावे, आणि त्याला एक प्रश्न अवश्य विचारावा: "यातले मंचावर काय करू नये?" प्रत्येक विधिनाट्यात देवापुढेच करावयाचा असा काही भाग असतो. तो कोणता हे सांगण्याचा अधिकार त्याचा आहे.

दुसरी गोष्ट राष्ट्रीय सेवा योजनेची. २४ सप्टेंबर १९६९ रोजी ३७ विद्यापीठांत सुमारे ४० हजार विद्यार्थ्यांनिशी ही योजना सुरू झाली. आज बहुतेक महाविद्यालये दरवर्षी एका दत्तक गावात सात दिवसांचे निवासी शिबिर घेतात. दिवसा श्रमदान, दुपारी व्याख्यान आणि रात्री सांस्कृतिक कार्यक्रम, असा त्याचा क्रम ठरलेला असतो. रात्रीच्या कार्यक्रमात बहुधा विद्यार्थी सादर करतात आणि गावकरी पाहतात. सात रात्रींपैकी निदान दोन रात्री हा क्रम उलटा करावा. गावचे भजनी मंडळ, शाहीर, जात्यावरच्या ओव्या जाणणाऱ्या वृद्ध स्त्रिया यांनी सादर करावे आणि विद्यार्थ्यांनी मांडी घालून ऐकावे. तेथे घड्याळ लावणारा परीक्षक नसतो. आख्यान पुरे होऊ शकते.

तिसरी गोष्ट नोंदीची. प्रत्येक महाविद्यालयाने आपल्या परिसरातील कलांची एक वही करावी. कला कोणती, कोणत्या प्रसंगी होते, किती वेळ चालते, वाद्ये कोणती, ती कोण तयार करतो, शिकलेली तरुण माणसे किती उरली आहेत, एवढे लिहावे. ध्वनिमुद्रण करावयाचे तर ते कलावंताच्या संमतीने करावे व त्याची एक प्रत त्यालाही द्यावी. मराठी, इतिहास आणि समाजशास्त्र या विषयांच्या विद्यार्थ्यांना याहून चांगला प्रकल्प दुसरा कोणता मिळणार?

आता पंचायत सदस्यांसाठी. तालमीला जागा नसणे ही आपल्या ग्रामीण महाविद्यालयांची नेहमीची अडचण आहे. समाजमंदिर किंवा शाळेचा एखादा वर्ग संध्याकाळी दोन तास उघडून देणे हे ग्रामपंचायतीला सहज शक्य आहे. याहून बिकट अडचण मुलींची आहे. तालीम उशिरापर्यंत चालते आणि गावाकडे जाणारी शेवटची एस. टी. त्याआधीच सुटते. घरून परवानगी मिळत नाही, आणि मग गुणी मुलगी संघातून गळते. "आमच्याकडे मुलींचा प्रतिसाद नाही," असे पुष्कळदा अहवालात लिहिले जाते. त्याचे खरे कारण एस. टी.च्या वेळापत्रकात असते. तालीम दुपारच्या रिकाम्या तासांत ठेवणे, आगाराशी बोलून महोत्सवाच्या पंधरवड्यात एखादी फेरी उशिरा सोडविणे, सोबतीला गावातल्याच एखाद्या शिक्षिकेची व्यवस्था करणे, या गोष्टी प्राध्यापक, सरपंच आणि आगारप्रमुख यांनी एकत्र बसून एका बैठकीत सोडविण्यासारख्या आहेत.

अधिकारी बंधूंना माझी एक विनंती आहे. राज्य शासन वृद्ध साहित्यिक व कलावंतांना मानधन देते. या योजनेचे कितीतरी अर्ज वर्षानुवर्षे पंचायत समित्यांमार्फत पुढे गेलेले आहेत. आपल्या दप्तरातली ती यादी ही केवळ लाभार्थ्यांची यादी नाही. आपल्या तालुक्यात कोण काय जाणतो याची ती सूची आहे. मानधन मंजूर झाले की फाइल बंद होते. तसे न करता कलावंतांच्या संमतीने त्यांची नावे जवळच्या महाविद्यालयाला कळवावीत. वृद्ध कलावंताला पैशाची गरज असते हे खरे. पण आपल्याजवळचे कोणाला तरी देऊन जावे, ही त्याची दुसरी गरज असते, आणि तिच्यासाठी कोणत्याही अर्जात रकाना नाही.

झाडीपट्टीचा धडा

कोणी म्हणेल, आता रात्रभर बसून पाहणारा प्रेक्षक राहिला कोठे? त्यांनी एकदा हिवाळ्यात पूर्व विदर्भात जावे. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा व गोंदिया या जिल्ह्यांच्या झाडीपट्टीत धानाची कापणी झाली की नाटकांचा हंगाम सुरू होतो. वडसा, म्हणजे देसाईगंज, हे त्या नाटक मंडळ्यांचे केंद्र. दंडार, खडी गंमत यांसारख्या जुन्या प्रकारांच्या परंपरेवर उभी राहिलेली ही रंगभूमी आजही रात्र-रात्र चालते. पाहुणे गावोगावहून येतात, थंडीत घोंगडी पांघरून बसतात आणि तिकीट काढून नाटक पाहतात. २०२३ मध्ये या रंगभूमीचे कलावंत परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली. याच भागात २०११ मध्ये गडचिरोली येथे गोंडवाना विद्यापीठ स्थापन झाले. प्रेक्षक संपलेला नाही, हा झाडीपट्टीचा धडा आहे. जेथे कला लोकांच्या हंगामाशी, नात्यागोत्याशी आणि बोलीशी जोडलेली राहिली, तेथे प्रेक्षकही राहिला.

म्हणून विद्यापीठाच्या महोत्सवात स्पर्धेबाहेरची एक रात्र असावी, अशी माझी सूचना आहे. त्या रात्री गुण नाहीत, क्रमांक नाहीत, घंटा नाही. त्या भागातील एकच कला, तिच्या मूळ कलावंतांकडून, पूर्ण स्वरूपात सादर व्हावी. आणि स्पर्धेत तीच कला दहा मिनिटांत सादर केलेल्या विद्यार्थ्यांनी ती समोर बसून पाहावी. आपण कशातून काय उचलले आणि काय मागे ठेवले, हे त्यांना कोणी सांगावे लागणार नाही.

समारोप

मित्रहो, महोत्सवातून प्रत्येक जण कलावंत व्हावा, अशी आपली अपेक्षा नाही. आज लोकनृत्यात मागच्या रांगेत नाचणारी मुले उद्या ग्रामसेवक होतील, शिक्षिका होतील, तलाठी, वकील, पंचायत सदस्य होतील. पंधरा वर्षांनी एखादा शाहीर त्यांच्या टेबलासमोर अर्ज घेऊन उभा राहील. तेव्हा त्या अर्जामागचा माणूस त्यांना दिसावा, एवढे जरी या उपक्रमांनी साधले तरी विद्यापीठाने केलेला खर्च सत्कारणी लागला असे मी म्हणेन.

त्या दिवशी संध्याकाळी मी पारितोषिकांची यादी घेऊन निघालो तेव्हा ते गृहस्थ एस. टी. थांब्यावर मुलासोबत उभे होते. मुलाच्या अंगावर अजून मंचावरचाच झगा होता. एस. टी. यायला अवकाश होता. वडिलांनी संबळावरचे कापड सोडले होते आणि मुलगा, आजूबाजूला कोणी पाहत नाही ना याचा अंदाज घेत, हलक्या हाताने त्यावर ठेका धरू पाहत होता. हात चुकत होता. वडील त्याची बोटे धरून दाखवीत होते. महोत्सवाचे तीन दिवस मी पाहिले, परंतु शिक्षण म्हणतात ते मला त्या थांब्यावर दिसले. ते थांब्यावरून सभागृहात आणणे, एवढेच आपले काम आहे.